स्वस्त विमान कधी खरंच स्वस्त पडतं?

मुंबईहून बँकॉकचं तिकीट शोधायला बसलं, की एकाच दिवशी एकाच शहरात जाणाऱ्या दोन विमानांच्या भाड्यांत सहा-सात हजारांचा फरक दिसू शकतो. एक विमान इंडिगो किंवा थाई लायन एअरसारख्या बजेट कंपनीचं असतं, दुसरं थाई एअरवेज किंवा एअर इंडियाचं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चार-साडेचार तास बसायला जास्त पैसे कशाला मोजायचे? दुसरा म्हणतो, परदेशी चाललोय, नाव असलेली कंपनीच बरी. वाद कंपनीवर सुरू होतो आणि कंपनीवरच संपतो. आधी बघायला हवा तो आपला प्रवास. तो थेट आहे की मध्ये विमान बदलायचंय? सामान किती आहे? आणि एक दिवस उशिरा पोचलो तर काय काय बिघडेल? एवढं ठरलं की बहुतेक वेळा कंपनी आपोआप ठरते.

भाडं कमी होतं ते कुठून

पहिली शंका नेहमी सुरक्षिततेची असते, म्हणून ती आधी मिटवू. बजेट कंपन्यांसाठी सुरक्षिततेचं वेगळं, सवलतीचं नियमपुस्तक नसतं. भारतात डीजीसीएचे, म्हणजे हवाई वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, देखभालीचे आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम इंडिगोला आणि एअर इंडियाला सारखेच लागू असतात. कंपनी अगदीच अनोळखी असेल, तर युरोपीय संघ आपल्या आकाशात बंदी घातलेल्या विमान कंपन्यांची यादी जाहीर करतो, तीत नाव आहे का ते बघावं. तिकीट स्वस्त म्हणजे विमान जुनं, असंही समजू नये. इंडिगोच्या ताफ्यात नव्या बनावटीची ए-३२० निओ विमानं मोठ्या संख्येने आहेत.

बचत होते ती दुसरीकडे. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीने १९७१ पासून ही पद्धत रुजवली. बोइंग ७३७ हे एकाच जातीचं विमान वापरायचं, म्हणजे वैमानिक, इंजिनिअर, सुटे भाग सगळं एकाच प्रकारचं लागतं. विमान उतरल्यावर २५-३० मिनिटांत पुन्हा उडवायचं, म्हणजे दिवसात एखादी फेरी जास्त होते. तिकिटं स्वतःच विकायची. आणि आसनं दाटीने बसवायची. या शेवटच्या गोष्टीचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. बोइंग ७८७-८ हे ड्रीमलायनर एअर इंडियाने २५६ आसनांचं घेतलं, आणि सिंगापूरच्या स्कूटने त्याच मॉडेलमध्ये सुमारे ३३० आसनं बसवली. एअरबस ए-३३० मध्ये इकॉनॉमीत सहसा एका रांगेत आठ जण बसतात, एअरएशिया एक्सच्या विमानात नऊ. विमान तेवढंच रुंद राहतं, त्यामुळे नववा माणूस बसतो तो बाकीच्या आठांच्या खांद्यांची जागा घेऊन.

चार तासांच्या उड्डाणात हे सगळं जमून जातं. दहा तासांच्या उड्डाणात या पद्धतीचा फायदाच उरत नाही, आणि त्याचं कारण हिशेबात आहे. मोठ्या कंपनीचं लांब पल्ल्याचं विमान दिवसातले चौदा-पंधरा तास आधीच हवेत असतं, त्यामुळे झटपट फेऱ्या मारून कमवायला वेळ शिल्लक नसतो. खर्चाचा मोठा वाटा इंधनाचा, आणि ते दोघांनाही सारखंच लागतं. शिवाय मोठ्या कंपनीला पुढच्या बिझनेस क्लासमधून आणि पोटातल्या मालवाहतुकीतून पैसा मिळतो, म्हणून मागच्या इकॉनॉमीचं भाडं तिला उतरवता येतं.

लांब पल्ल्याच्या स्वस्त विमानांचा इतिहास म्हणूनच पडझडीचा आहे. ब्रिटनच्या फ्रेडी लेकर यांची लंडन–न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ १९७७ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनीच बुडाली. एअरएशिया एक्सने २००९ मध्ये क्वालालंपूर–लंडन सुरू केलं, २०१२ मध्ये थांबवलं. आइसलंडची वॉव एअर २८ मार्च २०१९ ला बंद पडली. नॉर्वेजियनने २०१३ मध्ये सुरू केलेली लांबची सेवा जानेवारी २०२१ मध्ये सोडून दिली. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला विमानं सुरू केली, तेव्हा ती भाड्याने घेतलेली ड्रीमलायनर होती, आत बिझनेस क्लास होता आणि गरम जेवण तिकिटातच होतं. एवढ्या लांबच्या प्रवासात बजेट कंपनीलाही मोठ्या कंपनीसारखं वागावं लागतं. म्हणून मुंबईहून लंडनला जायचं असेल, तर स्वस्त कंपनीच्या मागे लागण्यापेक्षा मोठ्या कंपन्यांच्या सवलतीच्या भाड्यांवर नजर ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

सामानाचा हिशेब माणशी करू नका, घराचा करा

बजेट कंपनीचं भाडं म्हणजे एका माणसाला एक आसन आणि बहुधा सात किलोची हातातली बॅग. बाकी सगळं वेगळं: चेक-इनची बॅग, हवी ती सीट, जेवण, काही ठिकाणी विमानतळावर छापून घेतलेला बोर्डिंग पास. मात्र सगळ्या बजेट कंपन्या एकसारख्या नाहीत. इंडिगोच्या आंतरराष्ट्रीय तिकिटात चेक-इन सामान सहसा धरलेलं असतं. एअर इंडिया एक्सप्रेसचं एक भाडं बॅगेशिवायचं असतं आणि दुसरं बॅगेसह. एअरएशियाच्या आणि व्हिएतजेटच्या सर्वात स्वस्त तिकिटात चेक-इन बॅग नसते. म्हणून शोधाच्या पहिल्या पानावरच्या आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

एक काल्पनिक हिशेब मांडून बघू. समजा, जाऊन-येऊन बजेटचं तिकीट १७,००० आणि मोठ्या कंपनीचं २४,००० आहे. एकटा माणूस २० किलोची बॅग नेणार असेल आणि बॅगेचे जातानाचे-येतानाचे मिळून ५,००० पडत असतील, तर झाले २२,०००. सीट निवडली आणि दोन्ही वेळा जेवण घेतलं की आकडा २४,००० च्या पुढे जातो. या माणसाने मोठ्या कंपनीने जावं, कारण तेवढ्याच पैशांत ऐसपैस सीट आणि सांभाळून घेणारी व्यवस्था मिळते.

आता चौघांचं कुटुंब घ्या. मोठ्या कंपनीचे ९६,००० झाले. त्यात चार बॅगांची मुभा आली, पण आठवड्याच्या सहलीला चार बॅगा कोण नेतं? बजेटची चार तिकिटं ६८,००० आणि घरात मिळून दोन बॅगा १०,००० असे ७८,००० होतात. अठरा हजार वाचले, आणि तेवढ्यात हॉटेलचे दोन-तीन दिवस निघतात. माणशी तुलना केली असती तर ही बचत दिसलीच नसती.

बॅग विकत घ्यायची ती तिकीट काढतानाच, किंवा निदान आदल्या दिवसापर्यंत ऑनलाइन. विमानतळावर वाढीव किलोचा दर ऑनलाइन दराच्या कितीतरी पट असतो. हातातल्या बॅगेचं वजनसुद्धा बजेट कंपन्या खरोखर करतात. दिवाळीच्या सुमाराला आखातात लेकीकडे निघालेल्या आई-वडिलांच्या पिशवीत भाजणी, मसाले, फराळ मिळून सात किलो कधी ओलांडले जातात ते कळतही नाही. (त्यातच एक सांगायला हवं: संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, म्हणून दुबईला अनारसे नेऊ नयेत.)

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. मोठं नाव म्हणजे सगळं आलं, असे दिवस आता राहिले नाहीत. युरोपातल्या मोठमोठ्या कंपन्याही आता ‘लाइट’ भाडं विकतात, त्यात चेक-इन बॅग नसते. स्वस्त भाड्यात सीट निवडायचे पैसे तर जवळपास सगळेच घेतात. एमिरेट्सचं तिकीट काढलं आणि प्रत्यक्षात विमान फ्लायदुबईचं निघालं, असंही होतं, कारण २०१७ पासून दोघांची भागीदारी आहे. तिकिटावर विमान नेमकं कोण चालवणार हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

कुठल्या विमानतळावर उतरवणार

बजेट कंपनीचं विमान स्वस्त असण्यामागे विमानतळाचाही हात असतो. बँकॉकमध्ये दोन विमानतळ आहेत. मोठ्या कंपन्या सुवर्णभूमीला उतरतात, थाई लायन एअरसारख्या कंपन्या डॉन मुआंगला. एअर अरेबिया तुम्हाला शारजात सोडते, दुबईत नाही. पॅरिसचं म्हणून विकलं जाणारं बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. तिथून शहरात यायचं बसभाडं आणि वेळ तिकिटात धरायलाच हवा.

कधी हा हिशेब बजेटच्या बाजूनेही झुकतो. पुण्याहून दुबई-बँकॉकला थेट विमानं सुरू केली ती बजेट कंपन्यांनी. पुणेकराला मुंबईहून मोठ्या कंपनीचं विमान थोडं स्वस्त मिळालं, तरी द्रुतगती मार्गावरची टॅक्सी, घाटातल्या कोंडीची धास्ती आणि चार-पाच तास आधी निघणं हे सगळं त्यावर चढतं. घराजवळून थेट विमान असेल तर कंपनीचं नाव दुय्यम, असं मी खुशाल म्हणेन.

विमान बदलायचं असेल तर सगळं बदलतं

ज्यांना वाचायला वेळ कमी आहे त्यांनी निदान एवढा भाग वाचावा, कारण मोठे फटके इथेच बसतात.

एका तिकिटावर दोन विमानं असणं आणि दोन वेगवेगळी तिकिटं असणं, या दिसायला सारख्या पण पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, मुंबई–दोहा–शिकागो असेल, तर मुंबईत टाकलेली बॅग पार शिकागोपर्यंतच्या पट्टीनिशी जाते (अमेरिकेत कस्टम्सची तपासणी पहिल्याच विमानतळावर होते, पण इथे पहिला विमानतळ शिकागोच). मुंबईचं विमान उशिरा सुटलं आणि दोह्याचं पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असते.

आता कुणीतरी सुचवलं, की मुंबई–क्वालालंपूर एका कंपनीचं आणि तिथून मेलबर्न दुसऱ्या बजेट कंपनीचं असं वेगवेगळं काढलं तर स्वस्त पडतं. पडतंही. पण क्वालालंपूरला तुम्हाला बॅग ताब्यात घ्यावी लागते. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरावं लागतं, म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी हवी. मग बॅग घेऊन कदाचित दुसऱ्या टर्मिनलला जायचं, नव्याने चेक-इनच्या रांगेत उभं राहायचं, आणि काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. पहिलं विमान तीन तास उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त ‘नो-शो’, म्हणजे आलाच नाहीत. तिकीट गेलं. पहिली कंपनीही हात वर करते, कारण तिने तुम्हाला क्वालालंपूरला पोचवायचं कबूल केलं होतं, मेलबर्नला नाही. दोन्ही कंपन्या आपापल्या नियमाने बरोबर असतात आणि प्रवासी मधल्यामध्ये अडकतो.

याची सुरुवात मुंबईतच होऊ शकते. चेक-इन काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या लेखी तुम्ही मलेशियाला चाललेले प्रवासी असता. तिथला प्रवेश आणि पुढचं तिकीट तो तपासणार, आणि कागद पुरे नसतील तर मुंबईतच थांबवणार.

तिकिटं विकणाऱ्या काही वेबसाइट अशी दोन तिकिटं जोडून एकाच किमतीत दाखवतात. पानावर कुठेतरी ‘सेल्फ ट्रान्सफर’ असं लिहिलेलं असतं. ते शब्द दिसले की थांबा. दोन्ही टप्प्यांना एकच पीएनआर आहे का, आणि बॅग शेवटच्या शहरापर्यंत जाणार का, हे दोन प्रश्न कंपनीला विचारून उत्तर लेखी घ्या. काही बजेट कंपन्या हे एका तिकिटावर करूनही देतात: एअरएशियाची क्वालालंपूरला ‘फ्लाय-थ्रू’ सोय आहे, स्कूटचं सिंगापूर एअरलाइन्सशी जुळतं, फ्लायदुबईचं एमिरेट्सशी. तसं असेल तर हरकत नाही. नसेल आणि तरीही दोन तिकिटांचाच मार्ग धरायचा असेल, तर मधल्या शहरात एक रात्र मुक्काम ठेवा. त्या मुक्कामाचा खर्च धरूनही स्वस्त पडत असेल, तरच ते स्वस्त.

घरच्या घरी हाच प्रश्न आता नव्याने उभा राहिलाय. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागली. नागपूरहून किंवा गोव्याहून येणारं स्वस्त विमान नवी मुंबईला उतरत असेल आणि परदेशीचं सहारहून सुटत असेल, तर मध्ये अख्खी मुंबईची वाहतूक आहे. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून समाधान मानू नका, विमानतळाचं पूर्ण नाव बघा.

विमान रद्द झालं तर

बजेट आणि मोठ्या कंपनीतला खरा फरक बिघडलेल्या दिवशी कळतो. कायद्याने मिळणारं संरक्षण मात्र दोघांकडे जवळपास सारखंच असतं, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

भारतीय कंपन्यांना डीजीसीएचे नियम लागू आहेत. विमान लांबलं तर ठरावीक तासांनंतर खाणं-पिणं द्यावं लागतं. २४ तासांहून जास्त लांबलं, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यानचं उड्डाण सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल द्यावं लागतं. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी प्रवास न केल्यास सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतात. मागावे लागतात, एवढंच. युरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा नियम आणखी कडक आहे. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना कंपनीच्या चुकीने चार तासांहून जास्त उशिरा पोचलात, तर कंपनी कुठल्याही देशाची असो, ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना मात्र ती फक्त युरोपीय कंपनीकडून मिळते. लुफ्तान्सावर हक्क आहे, एअर इंडियावर नाही. एकाच मार्गावर दोन्ही कंपन्यांचं भाडं सारखं असेल, तर मी हा मुद्दा नक्की वजनात धरेन. हाच नियम रायनएअरसारख्या अगदी स्वस्त कंपनीलाही बांधतो. पंधरा युरोंच्या तिकिटावर २५० युरो भरपाई मिळालेले प्रवासी आहेत.

सामानासाठी १९९९ चा माँट्रियल करार आहे. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. सामान हरवलं, फुटलं किंवा उशिरा आलं, तर सिद्ध होणाऱ्या नुकसानीसाठी कंपनी २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआरपर्यंत जबाबदार असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, आणि ही रक्कम पावणेदोन लाख रुपयांच्या वर जाते. बजेट कंपनी ‘आम्ही स्वस्त आहोत’ म्हणून यातून सुटत नाही.

मग फरक राहतो कुठे? पुढच्या विमानात. ज्या कंपनीची त्या मार्गावर आठवड्याला तीनच विमानं आहेत, तिचं आजचं रद्द झालं तर ती तुम्हाला परवाच्या विमानात बसवेल किंवा पैसे परत देईल. पैसे मिळतात, पण शेवटच्या क्षणीचं दुसरं तिकीट दुप्पट-तिप्पट किमतीला असतं. मोठ्या कंपनीकडे दिवसाला दोन विमानं असतात, दुसऱ्या शहरावरून वळवायचा मार्ग असतो, भागीदार कंपन्या असतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. लुफ्तान्सा आणि सिंगापूर एअरलाइन्सही त्यातच आहेत. या जाळ्यासाठीच आपण जास्तीचे पैसे भरत असतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्याच कंपनीचं त्याच मार्गावरचं पुढचं विमान कधी आहे, ते वेळापत्रकात बघून घ्यावं.

मोठ्या नावावर आंधळा विश्वासही नको. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांपुढे इंडिगोचं नियोजन कोलमडलं आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. पण जुलै २०२४ मध्ये संगणकातल्या बिघाडानंतर अमेरिकेच्या डेल्टाचीही हजारो उड्डाणं रद्द झालीच होती. बुडण्याचं म्हणाल, तर स्वस्तातली गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली आणि पूर्ण सेवा देणारी जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये. दोन्ही वेळा आगाऊ पैसे भरलेले लोक अडकले. महिनोन् महिने आधी तिकीट काढायचं असेल तर पैसे क्रेडिट कार्डाने भरावेत. कंपनीने सेवाच दिली नाही, तर बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागता येतो.

कुणी काय घ्यावं

थेट उड्डाण, चार-पाच तास, सहल, तब्येत धडधाकट, सामान बेताचं: बजेट कंपनी घ्या, आणि त्यात काही कमीपणा मानू नका. परतीचं विमान सुट्टीच्या अगदी शेवटच्या रात्रीचं मात्र नको. लग्न, परीक्षा, नोकरीचा पहिला दिवस, क्रूझ अशी तारखेशी बांधलेली गोष्ट असेल, तर रोज विमानं असलेली कंपनी घ्या किंवा एक दिवस आधी पोचा. शिकायला चाललेल्या मुलांनी मोठ्या कंपन्यांची विद्यार्थी भाडी बघावीत, कारण त्यांत बऱ्याचदा जास्तीचं सामान मिळतं.

आणि मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले सांगलीचे किंवा अमरावतीचे आई-वडील असतील, पहिल्यांदाच विमानात बसणार असतील, तर तिथे पैसे वाचवू नका. शक्यतो एकदाच विमान बदलणारं, एकाच पीएनआरचं, मोठ्या कंपनीचं तिकीट काढा. व्हीलचेअरची मागणी तिकिटासोबतच नोंदवा. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, आणि तिकीट एकच असेल तर मधल्या विमानतळावर कंपनीचा माणूस त्यांना पुढच्या विमानाच्या दारापर्यंत घेऊन जातो. बदलाच्या ठिकाणी दीड तासाचं विमान स्वस्त आणि साडेतीन तासांचं महाग असेल, तर साडेतीन तासांचं घ्या. बॅगांचे फोटो काढून ठेवा आणि बॅगेची पावती बोर्डिंग पासाला चिकटवलेली असते, ती फेकू नका असं त्यांना आवर्जून सांगा. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते, आणि उशिरा आलेल्या बॅगेची ती हातात पडल्यापासून एकवीस दिवसांत. कंपनीने दाद दिली नाही तर भारत सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि त्यापुढे ग्राहक आयोग आहे.